मुशीच्या पोटातलं पिल्लू

मासा म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं, अशी वेळ येईल असं वाटलं नव्हतं. डोक्यावर सुकसीची, म्हणजे सुक्या बारीक मासळीची, टोपली घेऊन मी गावोगाव हिंडलो आणि त्यातूनच अर्जुनी मोरगावच्या आठवडी बाजारात विहिरीजवळची सावलीची जागा मिळवली. ती कुणी प्रेमाने दिली नव्हती. आधी तिथे बसणाऱ्या दोघांशी भांडून घेतली होती. मुंबईकडचा सुका मासा गोंदियाला उतरायचा. मी तो हाताने चाचपून घ्यायचो आणि छोट्या गाडीने अर्जुनीला आणायचो. बोंबील, सुकसी आणि खारवलेली मुशी, म्हणजे छोटी शार्क. मुशीला सगळ्यात जास्त मागणी, कारण मांस जाड आणि काट्याचा त्रास नाही. पोत्यात नीट बसावी म्हणून तिचं मुंडकं कल्ल्यांसकट तिकडेच छाटलेलं असायचं.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. जवळच्या गावातल्या धानाच्या शेतकऱ्याची बायको, आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो, आदल्या बाजारी नेलेली मुशी परत घेऊन आली. तिने फडकं सोडलं. आत मुशीच्या पोटात सापडलेलं, बोटाहून थोडं लांब, वाळलेलं एक पिल्लू होतं. त्याच्या छातीपासून सुतळीसारखं काहीतरी लोंबत होतं.

"भाऊ, मासा अंडे देते. हे नाळ कायची होय?"

"मावशी, पोत्याचा दोरा असंल."

"चार लेकरं झाले मले. नाळ मले समजत नाही का?"

चार माणसं थांबली, मग दहा झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "सेठ माशाच्या नावानं जनावर विकून राहिला रे!" लोक हसले, पण ज्यांच्या पिशवीत मुशी होती ते हसले नाहीत. मासा घरात चालतो, पण पोटात पोर वाढवणारं, नाळ असलेलं कोण जाणे काय ते कसं चालेल? मावशीचा दीर गावातला वडीलधारा, बाजारात त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, "पुढच्या बाजारी फैसला करू. तोवर मुशी कोणी घेऊ नका. अन् मासा नसंल तं सेठ, तू या बाजारात बसू नको."

पिल्लू मी मिठात घालून डब्यात ठेवलं. डोक्यात एकच विचार फिरत होता. गोंदियाचा एक नवा सुकसीवाला दोन महिन्यांपासून माझ्या जागेकडे डोळा लावून होता. आणि मावशीने आदल्या बाजारी मुशी घेताना माझ्याशी घासाघीस केली नव्हती. एरवी ती बोंबलाच्या मुठीसाठीसुद्धा तासभर वाद घालायची. का नाही केली?

चारच दिवसांनी चष्मा लावलेला एक माणूस माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. तो कलकत्त्याहून आला होता, डाक बंगल्यात उतरला होता, तलावांतले मासे बाटल्यांत भरून त्यांची नावं लिहीत होता. म्हणे सरकार त्याला याचा पगार देतं. तो हिंदीत बोलायचा, अगदी हळू.

"सेठजी, सुना है आपके पास एक बच्चा है. मछली का."

त्याचे डोळे चमकत होते. धंद्यात माझा एक नियम होता. गिऱ्हाइकाचा जीव ज्या मालावर आला, तो माल आपल्याजवळ नाहीच म्हणायचं. मग तो स्वतःच भाव वाढवतो. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "कैसा बच्चा? बाई झूठ बोलती है."

तो गेला नाही. पोत्यावर बसला आणि सांगू लागला. समुद्रात असे कितीतरी मासे आहेत जे अंडी न घालता जिवंत पिल्लं देतात. काहींची अंडी आईच्या पोटातच फुटतात, पिल्लं आपल्याजवळच्या बलकावर वाढतात. काहींची मात्र नाळेने आईला जोडलेली असतात, गाईच्या वासरासारखी. त्याच्यासारखी माणसं दात, पर, कातडं आणि पिल्लू कसं वाढतं ते पाहून माशांची घराणी लावतात. कोण कुणाचा भाऊ, कोण चुलत, कोण नुसता तोंडवळ्याने सारखा. नाळेसकट पिल्लू मिळालं तर ते जपून ठेवतील. किंमत मी सांगेन ती.

मला जे ऐकायचं होतं तेच तो सांगत होता, तेही न विचारता. इतकं गोड बोलणारा आणि भाव न करणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता. हा नक्की अन्न तपासणारा असणार, नाहीतर गोंदियावाल्याने पाठवलेला. पिल्लू याच्या हातात गेलं की भर बाजारात दाखवणार आणि माझी जागा जाणार. पुन्हा म्हणालो, "नही है." तो गेल्यावर मी डबा उघडला आणि पिल्लू चुलीत टाकलं. ते जळेपर्यंत चुलीसमोरून हललो नाही.

बाजारच्या दिवशी पाहतो तर तो कलकत्त्याचा साहेब मावशीच्या दिराशेजारी बसून चहा पितोय. आता शंकेला जागाच उरली नाही.

दिराने सगळ्यांसमोर विचारलं, "साहेब, हे मासा होय का जनावर?"

साहेबाने माझी मुशी हातात घेतली आणि हिंदीतच बोलला, अर्थ असा: "मुंडकं असतं तर कल्ल्यांच्या फटी दाखवल्या असत्या. पिल्लात सगळंच असतं, मुंडकं, कल्ले, नाळ. पण सेठजी म्हणतात पिल्लू नव्हतंच. बाई खोटं बोलल्या."

मावशी कंबरेवर हात ठेवून पुढे आली.

"मी खोटं बोलून राहिली? काऊन रे? पिल्लू तूच तं नेलं माह्या हातातून!"

"साऱ्यायनं पाह्यलं," मागून दोघे-तिघे म्हणाले.

माझं डोकं फिरलं. ओरडलो, "हो, होतं पिल्लू! जाळलं मी! तुम्ही सारे मिळून माझी जागा घ्यायला निघालात, मी काय पुरावा हातात आणून देऊ?"

"जाळलं?" साहेब एवढंच म्हणाला. वहीत आधीच काहीतरी लिहिलेलं त्याने हळूच खोडलं. मग खिशातून भिंग काढून मुशीच्या कातड्यावर धरलं आणि दिराला वाकून पाहायला लावलं. कातडं उलट्या हाताने खरखरतं ते का, तर त्यावर बारीक दातांसारखे काटे असतात. असं कातडं माशाचंच असतं, जनावराचं नाही. मुशी मासाच आहे.

मी त्याचा हात धरला. "असं कातडं त्या दिवशी माझ्या खोलीत पोतंभर तुमच्यासमोर पडलं होतं! तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही फक्त नाही म्हणत होतात."

दीर उठला. "मुशी मासा होय. ते साऱ्यायनं खावी. पण माणसाचं काय? घरच्या बाईले परक्या माणसापुढं खोटी पाडली याने. विहिरीजवळची जागा सोड सेठ. तिकडं बैलबाजाराच्या कोपऱ्यात बस."

त्याच दुपारी गोंदियाचा सुकसीवाला विहिरीजवळ पोतं पसरून बसला. त्याला कुणी सांगितलं होतं? पोतं आधीच बांधून कसं आणलं होतं? साहेबाने जाताना तीन मुशा घेतल्या आणि मी सांगितला तो भाव एक शब्द न बोलता दिला. त्याचा काहीतरी फायदा असल्याशिवाय कुणी असं करत नाही, असं मला आजही वाटतं.

संध्याकाळी बैलांच्या धुळीत मावशी आली. मी म्हणालो, "मावशी, चुकलो."

"चुकला ते राहू दे. एक मुशी काढ."

मी सगळ्यात मोठी काढली. तिने माझ्याच सुरीने तिचं पोट उभं फाडलं, आत दोन बोटं घालून तळापर्यंत चाचपलं, काही नाही हे आजूबाजूच्या बायकांना दाखवलं आणि मग भावाची घासाघीस करायला लागली. मी सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर येऊन थांबली. मी दिली. मागच्या बायकांनीही सुरी मागितली. त्या दिवसापासून माझ्याकडची मुशी कुणी पोट फाडून पाहिल्याशिवाय घेतली नाही. विहिरीजवळच्या त्या माणसाकडून मात्र तशीच उचलून नेतात.