मेन बंद, पंखा चालू

एकसष्टाव्या वर्षी माणूस फार अल्लड असतो. मी तर होतेच. हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संचाचा, परवाना मिळून दोन वर्षं झाली होती आणि त्यातलं पेणमध्ये माझ्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

त्या पावसाळ्यात आमचे हे रोह्याला नणंदेकडे गेले होते. तिचं घर अगदी नदीकाठी. दुपारी कुंडलिका चढल्याची बातमी आली आणि पाठोपाठ मोबाइल मुके झाले. यांच्याजवळ बॅटरीवरचा सेट होता. असं काही झालं तर दर तासाच्या ठोक्याला बोलायचं, हे आमचं ठरलेलं.

तीन वाजता सेट लावला. नुसती घरघर, पिठाच्या गिरणीत बसल्यासारखी. तिच्या तळाशी कुणीतरी बोलत होतं, पण शब्द एक कळेना. मी आपली ओरडतेय, इथे नुसती घरघर येतेय, पाणी कुठवर आलंय, माडीवर गेलात का, ओव्हर. चार वाजताही तेच.

अशी घरघर बहुधा जवळच्या विजेच्या उपकरणाची असते आणि दोष शोधायची रीत सोपी. सेट बॅटरीवर ठेवायचा आणि घराचा मेन स्विच पाडायचा. घरघर थांबली तर दोष घरात, नाही तर बाहेर. मी मेन पाडला. घरघर वाढली. झालं, शेजारच्या गणपतीच्या कारखान्यावर माझा संशय पक्का. तिथे रंग वाळवायला दिवे, पंखे लावलेले. तरातरा गेले आणि मालकिणीला सुनावलं, तुझ्या दिव्यांपायी माझा माणूस तिकडे बुडेल. बिचारी मूर्तीचे डोळे आखत होती. ब्रश ठेवून तिने सगळं बंद केलं आणि माझ्यामागून घरी आली. घरघर तशीच. पाच वाजत आले होते. मी खुर्चीत बसून घाम पुसत होते, ती वर बघत होती.

"काकी, मेन पाडलाय म्हणतां. मग ह्यो पंखा कशावर फिरतोय गो?"

इन्व्हर्टरवर. आधी स्वतःची बॅटरी भरताना तोच घरघरत होता, आता पंखा फिरवताना. जिन्याखाली धावले, तो बंद केला. पंखा थांबला, घरघर थांबली आणि यांचा आवाज आला, कंटाळलेला.

"पाणी पायरीला लागलं होतं, आता उतरतंय. आम्ही माडीवर आहोत. तुझा शब्द न् शब्द ऐकू येतोय, आणि तीन वाजल्यापासून सांगतोय, आधी इन्व्हर्टर बंद कर. ओव्हर."

मी माईक खाली ठेवला. शेवटी शेजारणीनेच माईकचं बटण दाबलं.

"काका, काकी रडतायत. ओव्हर."