ज्यानं आणलं, त्याचा नंबर

मी हाडांचा डॉक्टर. मोडलेली हाडं जोडत राहिलो असतो, तर पुण्याचं काही बिघडलं नसतं. पण मध्यंतरी आमच्या हॉस्पिटलात एक प्रशिक्षण सुरू झालं. आपल्यासारख्या देशांत अपघात भरपूर, पण जखमी माणूस घरी गेल्यावर त्याचं पुढे काय होतं, याचा अभ्यास करणारी माणसं फार थोडी. ती इथल्याच डॉक्टर-नर्सेसमधून तयार करायची, असा बेत. शिकवायला कोणीतरी हवं होतं. ज्या मीटिंगमध्ये हे ठरलं तिला मी उशिरा पोचलो, त्यामुळे माझी एकमतानं निवड झाली.

वर्गात दहा-बारा जण. तालुक्यांतून आलेले डॉक्टर, नेपाळहून आलेला एक तरुण सर्जन, आणि पहिल्या बाकावर आमच्याच कॅज्युअल्टीच्या सिस्टर. निवृत्तीला आलेल्या या सिस्टरांनी मला मी शिकाऊ असताना टाके घालायला शिकवलं होतं. त्याचा उल्लेख त्या कधीच करत नाहीत. फक्त माझ्याकडे तसं बघतात.

तिसऱ्या दिवशीचा विषय होता फोन. घरी गेलेल्या पेशंटला तीन महिन्यांनी फोन करायचा आणि ठरलेले प्रश्न विचारायचे. दिसायला सोपं काम. माझ्या मागे पडद्यावर पहिलीच सूचना झळकत होती: ‘फोनवर कोण आहे, याची आधी खात्री करा.’ ती मीच लिहिली होती, ठळक अक्षरांत.

“आता मी प्रत्यक्ष करून दाखवतो,” मी म्हणालो. निवडला तो लोणी काळभोरजवळ मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला पेशंट. घरी जाताना ‘फोन करायला हरकत नाही’ अशी सही त्यानं दिली होती. त्याचं नाव वॉर्डाच्या कागदावरून आणि नंबर कॅज्युअल्टीच्या वहीतून, अशी जोडणी करून यादी मी स्वतः बनवली होती. कॅज्युअल्टीचा मोबाइल घेतला आणि स्पीकर लावला.

“स्पीकरवर, सर?” सिस्टरांनी विचारलं.

“सगळ्यांना ऐकू यायला हवं ना. आणि म्हणूनच मी पेशंटचं नाव घेणार नाही. गोपनीयता!”

सिस्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, माझं वाक्यच उतरवून घेतलं.

दुसऱ्या रिंगलाच फोन उचलला गेला. मागे हॉर्नचा गोंधळ. “बोला, डॉक्टरसाहेब!”

इतक्या प्रेमानं माझा फोन माझ्या घरीसुद्धा कोणी उचलत नाही. आता खात्री कसली करायची?

“काय म्हणतोय पाय?”

“पाय?” तो जरासा थबकला. “पाय बरा आहे की, साहेब.”

“चालता येतं?”

“येतं की.”

“जिने चढता येतात?”

“चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट कायम बंद.”

“मांडी घालून बसता येतं?”

“जेवायला तसाच बसतो, साहेब.”

“कामाला लागलात का?”

“सकाळी सहापासून रिक्षा चालवतोय. आत्ताच येरवड्यात गिऱ्हाईक सोडलं.”

त्या पायात सळी मी घातली होती. खरं तर आवाज ओळखायला हवा होता, पण मी माणसं एक्स-रेवरून ओळखतो. फळ्यावर ‘संपूर्ण बरा’ असं लिहिलं, खाली रेघ मारली, आणि नेपाळच्या सर्जनला सगळं इंग्रजीत समजावून सांगितलं. ‘ऑपरेशन कोणी केलं याला तसं महत्त्व नसतं,’ हेही सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

यादीतला शेवटचा प्रश्न उरला. “तुम्हाला काही विचारायचंय?”

“हो साहेब. तेवढ्यासाठीच तर थांबलोय. तो माणूस वाचला का?”

“कोण माणूस?”

“मी आणला होता तो. लोणी काळभोरजवळ पडला होता. माझ्या रिक्षात घालून तुमच्याकडे आणला. तुमच्या लोकांनी वहीत माझा नंबर घेतला, कळवतो म्हणाले. माझं नाव नीट लिहायला एकदा तुमच्याकडून फोन आला, तो नंबर मी सेव्ह करून ठेवला. दोनदा येऊन खिडकीवर विचारलं, तर म्हणे सांगता येत नाही. आज त्याच नंबरावरून तुमचा फोन आला.”

“अहो, मग मघापासून पायाचं काय सांगत होतात?”

“मला वाटलं, आधी माझी चौकशी करणार, मग सांगणार. हॉस्पिटलचं काम, त्याला काय नियम असतील ते असतील.”

सिस्टरांनी नेपाळच्या सर्जनला सगळं हिंदीत कुजबुजून सांगितलं. तो हळूच म्हणाला, “सर, हमारे यहाँ भी लानेवाले का ही नंबर लिखते हैं.”

“साहेब,” रिक्षावाला म्हणाला, “गेला असेल तरी सांगा. सगळा रस्ता तो कण्हत होता आणि मी मागे बघून सांगत होतो, काही होत नाही तुला, काही होत नाही. ते खरं निघालं का, एवढंच.”

माणूस घरी गेला होता हे मला ठाऊक होतं. पण त्याला न विचारता तिसऱ्याला सांगायचं नाही, हा नियमही त्याच सकाळी मी शिकवला होता. आणि गेल्या तीन महिन्यांत त्याचं काय झालं, ते मलाही माहीत नव्हतं. मी म्हणालो, “कळवतो.”

“बरं,” म्हणून त्यानं फोन ठेवला. त्या ‘बरं’मध्ये त्यानं मला खिडकीवरच्या माणसाशेजारी नेऊन बसवलं.

“सर,” सिस्टर म्हणाल्या, “ते ‘संपूर्ण बरा’ पुसू, की रिक्षावाल्याच्या नावावर राहू दे?”

“पुसा.”

“आणि पेशंटला विचारून सांगायला नियम आड येत नाही ना?”

“नाही.”

“मग बसलाय काय?”

पेशंटला घरी सोडतानाच्या वॉर्डाच्या कागदावर त्याचा स्वतःचा नंबर होता. त्यावरून नाव उतरवताना मी तो बघितलाच नव्हता. सिस्टरांनी स्पीकर बंद केला, वर्गाबाहेर जाऊन फोन लावला, पहिल्यांदा नाव विचारलं. पाचेक मिनिटांनी मला बाहेर बोलावून फोन माझ्या हातात दिला.

पेशंट विदर्भाकडचा, इथे कारखान्यात कामाला. पाय वाचला होता, पण गुडघा निम्मासुद्धा वाकत नव्हता. चालायला काठी, जेवायला प्लॅस्टिकचं स्टूल. व्यायामाला का येत नाही, विचारलं तर म्हणाला, “बसमध्ये चढता येत नाही, साहेब.” तीन महिने मी त्याला ‘आपली चांगली केस’ म्हणून मनात मिरवत होतो.

तुम्हाला ज्यानं आणलं तो रिक्षावाला विचारतोय, त्याला सांगू का, असं मी विचारलं.

“रिक्षावाल्यानं आणलं? मले त वाटलं पोलिसांनी आणलं.” मग म्हणाला, “सांगा ना त्याले. माझा नंबर बी देऊन द्या.”

लगेच रिक्षावाल्याला फोन लावला. या वेळी आधी विचारलं, “कोण बोलतंय?”

“मीच, साहेब. रिक्षावाला.”

“वाचला तो.”

“थांबा, साहेब. थांबा.” रिक्षा बाजूला घेतल्याचा आवाज आला. पाठोपाठ मागच्या सीटवरून एका बाईंचा, “अहो, मला बुधवार पेठेत जायचंय. आपल्या गप्पांचे पैसेसुद्धा मीच द्यायचे का?”

“मीटर बंद करतो, ताई. दोन मिनिटं. हां साहेब, परत सांगा.”

मी परत सांगितलं. काठी, गुडघा, स्टूल, बस, सगळं.

“व्यायाम कधी असतो?”

“मंगळवारी आणि शुक्रवारी. सकाळी.”

“मग मी आणतो ना त्याला. नंबर द्या.”

नंबर मी एकेक आकडा करून सांगितला. त्यानं तो म्हणून दाखवला, मी पुन्हा तपासला. मग त्यानं फोन खिशात टाकला असावा, बंद न करताच. मीही ठेवला नाही. शेजारी सिस्टर उभ्या होत्या, त्यांनी कान जवळ आणला.

“कोण वाचलं हो?” बाई विचारत होत्या.

“एक माणूस होता, ताई. रस्त्यात पडला होता. मला वाटलं, गेला.”

“मग हे आधी नाही का सांगायचं? चला आता. मीटर चालू करा, आणि काय झालं ते सावकाश सांगा.”