बांधावर घातलेला रस्ता

पेणहून रोह्याला बहिणीकडे जायला सरळ रस्ता आहे. पण सरळ जाईन तर मी कसला! धरमतरची खाडी बघायची म्हणून रामवाडीत चहा घेतला, स्कूटर तिकडे वळवली आणि तासाभरात स्वतःलाच शिव्या घालायची वेळ आली.

खाडीकडच्या रस्त्यावर डांबर दिसेना. बंदराच्या धक्क्यावर कंपनीचा माल ने-आण करणारे डंपर सांडत गेलेले, त्यावर परतीचा पाऊस पडलेला. घोट्याएवढा काळपट, गुळगुळीत चिखल. झाडं राखाडी, देवळाची पायरी राखाडी, कुत्रंसुद्धा राखाडी. शेजारून डंपर गेला तरी आवाज दबका, नुसती पायाखाली थरथर. व्हायचं तेच झालं. घसरलो आणि स्कूटरसकट आडवा पडलो.

उठून बघतो तर समोर दहा-बारा माणसं ओळीनं उभी. नखशिखांत राखाडी, तोंडातून शब्द नाही, फक्त डोळे हलताहेत. सकाळचे दहा वाजले होते, तरी अंगावर काटा आला.

"लागलं काय ओ दादा?" ओळीतली एक बाई बोलली, तेव्हा कुठे जिवात जीव आला.

तिचं नाव जनीबाई. मिठागरात मीठ ओढायच्या लाकडी फळ्यांनी ही गावची माणसं रस्ता ओढत होती. ओढलेला चिखल टोपल्यांतून खाडीच्या बांधावर जात होता. खेकड्यांनी बांधाला भोकं पाडली होती, आणि आत जनीबाईचं भात पिकून उभं होतं.

"हा चिखल बांधावर कशाला? फेकून द्या की!"

"चिखल कोन फेकतंय? हितं चिखल बांधावरच जातो," ती म्हणाली. "आज अवस हाय. दुपारी उधाण (मोठी भरती) येल. पानी आत शिरलं तर भात जाईल, नि जमीन तीन वर्सं खारी."

"जने गो, हात चालव!" तिचा दीर धर्मा ओरडला. फळ्या पुन्हा सरकू लागल्या.

स्कूटर उचलली आणि जेवायच्या वेळेला रोह्याला पोचलो. बहिणीनं वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी वाढली. बिरडं फर्मास होतं, पण माझं लक्ष घड्याळाकडे. "जेव की रे, कुणाची वाट बघतोयस?" बहीण म्हणाली. काय सांगणार तिला? उधाणाची!

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो आणि मुद्दाम त्याच वाटेनं परतलो. बांधाला खांड (भगदाड) पडली होती. पिकलेलं भात पाण्यात उभं, एक पातं हलत नव्हतं. लोंब्यांच्या मधून बारके मासे निवांत फिरत होते.

"डंपरातली राख होती ती, दादा," धर्मा म्हणाला. "वली असली की गाळासारकीच दिसते. पानी लागलं नि विरघळली."

आता ओहोटी होती. दुपारच्या भरतीआधी खांड बुजवायची, म्हणून खाडीतून गाळाचे गोळे हातोहात येत होते. रांगेच्या शेवटी, खांडीत, जनीबाई उभी. पण तिच्यापाशी येऊन सगळं थांबत होतं. ती गोळा दाबायची, हुंगायची आणि बाजूला ठेवायची. रांगेतल्यांच्या हातात गोळे तसेच.

"जने, मी सोता काडलाय हा. लाव गो!" धर्मा काकुळतीला आला.

तिनं तो गोळा माझ्यापुढे धरला. "दादा, तुमी परके. तुमी खरं सांगा. माती हाय ना ही?"

मी दाबून पाहिला. काळा, थंड, चिकट. कालचाही असाच होता. मी शेतकऱ्याचा मुलगा, साताऱ्याकडचा, माती ओळखण्याची घमेंड बाळगणारा. 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण कालची राख आठवली. गोळा तिच्या हातात परत ठेवला आणि स्कूटर चालू केली.

घरी येऊन महिना झाला. प्रवास कसा झाला विचारलं की मी बिरड्याचं वर्णन करतो. जन्मभर चिखलात हात घातलेली बाई पाहुण्याला माती विचारते, भरतीची वेळ जवळ येत असते आणि पाहुणा मान खाली घालून निघून जातो, हे कुठल्या तोंडानं सांगू? लाज वाटते.