गोंदाखाली गेलेली नावे

दिनांक २२ नोव्हेंबर २०२४, शुक्रवार. स्थळ मध्य प्रदेशातील बालाघाट, सातपुडा कलाप्रसार मंडळाच्या वार्षिक प्रदर्शनाचे सभागृह. त्या दिवशी दुपारी तीन ते सायंकाळी सात या वेळेत धम्मपाल खोब्रागडे या छायाचित्रकाराची एकेचाळीस कृष्णधवल चित्रे, त्याच्या परवानगीवाचून आणि त्याने दिलेल्या स्पष्ट सूचनेविरुद्ध, पांढऱ्या गोंदाने फोमच्या पाट्यांवर चिकटवण्यात आली. या संबंधीची तक्रार मंडळाकडे तीन वेळा लेखी देण्यात आली. पोच एकदाही मिळाली नाही. म्हणून ती येथे नोंदवली आहे. हे वाचून ज्यांना ‘एवढेच ना?’ असे वाटेल, त्यांनी पुढची हकीकतही वाचावी.

धम्मपालचे बसस्थानकामागच्या गल्लीत पासपोर्ट फोटोंचे दुकान आहे. वडील डोमाजी भंडाऱ्याकडून इथल्या भातगिरणीत हमालीला आले आणि इथलेच झाले. मुलाने नागपुरात चित्रकलेचे शिक्षण घेतले, तेव्हा वस्तीला वाटले की आता हा परतत नाही. तो परतला. “कान दिसले पाहिजेत, हनुवटी खाली” हे वाक्य तो गेली सव्वीस वर्षे दिवसातून तीस-चाळीस वेळा म्हणत आला आहे आणि त्यावर त्याचे घर चालते.

रविवारी मात्र दुकान बंद असते. जुना फिल्मचा कॅमेरा गळ्यात अडकवून तो कधी मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जातो, कधी रामपायलीच्या धानबांध्यांत, कधी लामत्याला. परतल्यावर घरच्या न्हाणीघरात लाल दिवा लावून, जाड सुती कागदावर, स्वतःच्या हाताने चित्रे छापतो. त्याची बायको पौर्णिमा म्हणते, “आमच्या घरी रविवारी आंघोळीले मुहूर्त पाहा लागते.” म्हणते खरी, पण ओल्या चित्रांना चिमटे लावून ती वाळत घालते तीच.

स्वतः छापलेली दोन पुस्तके त्याच्या नावावर आहेत. ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर पुस्तकांचा जो बाजार भरतो, तिथे सतरंजी टाकून तो ती विकतो. प्रकाशकांकडे जाऊन त्याने कानाला खडा लावला आहे. बालाघाटचा माणूस म्हटला की नागपूरवाले त्याला हिंदीतला समजतात आणि भोपाळवाले मराठीतला. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, त्यातली ही गत.

पहिले पुस्तक निघाले तेव्हा तो एक प्रत घेऊन रामपायलीला गेला होता. त्यात रुख्माबाईचे चित्र होते, धानाची रोवणी करताना वाकलेली, चिखलात कोपरापर्यंत. तिने पुस्तक हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि विचारले, “हे कोणाकोणाले देल्लं?”

“विकलं, बाई. शंभरेक लोकायले.”

“मले इचारलं होतं काय?”

त्या दिवसापासून धम्मपालने एक रीत पाडली आणि ती कधी मोडली नाही. चित्र छापले की पहिल्यांदा ते ज्याचे त्याच्याकडे न्यायचे. त्याने ते पाहायचे आणि मान्य असेल तर चित्राच्या पाठीवर स्वतःच्या हाताने लिहायचे. काय लिहायचे ते त्याने ठरवावे. धम्मपालने तिथे एक अक्षरही लिहायचे नाही. पाठ कोरी राहिली, तर चित्र पेटीत जाईल, प्रदर्शनात नाही.

लोकांनी लिहिले. कुणी हिंदीत, कुणी मराठीत, कुणी अंगठ्याने. खाणीतल्या ठेकेदाराकडे कामाला असलेल्या घनश्यामने लिहिले, ‘यह मैं ही हूँ. मगर हाथ इतना काला नहीं है.’ रुख्माबाईने दुसऱ्या चित्रामागे मुलाचे पेन हिसकावून स्वतःच लिहिले, ‘सांगतलं असतं तर नवं लुगडं नेसली असती.’ अशी अकरा वर्षांत एकेचाळीस चित्रे झाली. त्यांचे तिसरे पुस्तक करायचे, डाव्या पानावर चित्राची पाठ, उजव्या पानावर चित्र, असे धम्मपालने ठरवले. नावही ठरले, ‘पाठपोट’.

या एकेचाळिसांत लामत्याच्या मैनाबाईची पाठ सगळ्यांत उशिरा आली. ती शाळेत कधी गेली नव्हती. धम्मपालने शाईचे पॅड पुढे केले, तेव्हा तिने हात मागे घेतला.

“अंगठा तं मी राशनच्या दुकानात देतो. इथं नाव लिवतो. थांब जरा.”

अकरा दिवस ती नात समीक्षाच्या वहीवर गिरवत राहिली. समीक्षा हिंदी शाळेतली. तिला आजीचे मराठी हसू आणायचे आणि आजीला तिचे हिंदी. बाराव्या दिवशी धम्मपालला निरोप गेला. मैनाबाईने पेन्सिल मुठीत धरून, जीभ दातांत दाबून, पाठीवर आपले नाव लिहिले. अक्षरे डावीकडून उजवीकडे वर वर चढत गेली होती, शेवटचे तर कागदाच्या कडेला टेकले होते. सत्तर वर्षांच्या आयुष्यात तिने लिहिलेला हा एकच कागद. पुढच्या उन्हाळ्यात तिला लकवा आला आणि उजवा हात गेला. त्यानंतर धम्मपाल भेटला की ती एकच विचारी, “माहं नाव पुस्तकात कधी येते, भाऊ?”

नागपूरच्या छापखान्याशी बोलणे झाले होते. पाठींचे फोटो जानेवारीत काढू, आधी प्रदर्शन होऊ दे, असे धम्मपालने ठरवले. ही त्याची चूक होती आणि ती तो कुणापासून लपवत नाही.

मंडळाचे संयोजक राजेंद्र यांना त्याने एकवीस तारखेला चित्रे दिली, तीही समोर बसून, प्रत्येक चित्र उलटून दाखवत. चित्रे तारेवर चिमट्यांनी टांगायची, म्हणजे पाहणाऱ्याला ती हाताने उलटता येतील, हे त्याने दोनदा सांगितले. राजेंद्र यांनी दोनदा “हौ हौ” म्हटले. हे गृहस्थ निवृत्त प्राध्यापक आहेत, कलेवर भाषण द्यायला कधीही उभे राहतात, आणि त्यांची भाषणे ऐकून बालाघाटात आजवर कुणी एक चित्र विकत घेतल्याचे ऐकिवात नाही.

बावीस तारखेला धम्मपाल लामत्याला गेला, मैनाबाईला आणायला. उद्घाटनाला तिने हजर असावे अशी त्याची इच्छा होती. इकडे राजेंद्र यांना तारेवरचे चिमटे पाहून लाज वाटली. पाहुणे येणार, आणि भिंतीवर जणू बनियनी वाळत घातलेल्या. त्यांनी फ्लेक्सच्या दुकानातल्या लोकेशला बोलावले आणि सगळी चित्रे पाट्यांवर ‘नीट बसवून’ घेतली. लोकेशला दोष देण्यात अर्थ नाही. तो रोज वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फलक चिकटवतो. त्याच्या धंद्यात कागदाला मागची बाजू नसतेच.

तेवीस तारखेला सकाळी मैनाबाई नवे लुगडे नेसून, समीक्षाच्या खांद्याला धरून सभागृहात आली. आपले चित्र तिने लांबूनच ओळखले. जवळ जाऊन डाव्या हाताने तिने त्याची कड धरली आणि उलटायला गेली. पाटी भिंतीला ठोकलेली होती.

“उलटत काहून नाही हे?”

धम्मपालने हात लावून पाहिला. कडेला गोंद वाळून पांढरा झाला होता.

“भाऊ, माहं नाव कुठं हाय?”

“आत आहे, आजी.”

“आत म्हंजे?”

समीक्षाने समजावले, “दादी, चिपका दिया इन्होंने.” मैनाबाईने आजूबाजूच्या चाळीस पाट्यांकडे पाहिले. “मंग मी काय दाखवाले आली?” एवढे म्हणून ती खुर्चीवर बसली आणि भाषणे संपेपर्यंत उठली नाही. भाषणात ‘ग्रामीण नारीच्या चेहऱ्यावरील वेदना’ असे तीन वेळा आले. ज्या नारीची ती वेदना, तिला कुणी पाणीही विचारले नाही.

राजेंद्र यांच्यासमोर धम्मपाल उभा राहिला, तेव्हा ते खरोखरच चकित झाले होते. “अरे धम्मपालजी, चित्रं तर जशीच्या तशी आहेत. ओरखडासुद्धा नाही. आणि निगेटिव्ह आहे ना तुमच्याजवळ? दुसरं छापा.”

“पाठीचं निगेटिव्ह नसते, सर.”

“पाठीवर काय होतं? नावंच ना? यादी द्या, खाली सुंदर टाइप करून लावतो.”

यावर धम्मपालने हात टेकले. मात्र खरा घाला पुढेच होता. पंचवीस तारखेला समारोप झाला आणि संध्याकाळी तो पाट्या आणायला गेला, तर भिंतीवर सतराच उरल्या होत्या. चोवीस पाट्या मान्यवरांना स्मृतिचिन्ह म्हणून वाटल्या होत्या. शाली कमी पडल्या, असे कारण सांगण्यात आले. कुणाला कोणती दिली, याची नोंद नव्हती. मैनाबाईची पाटी त्या चोविसांत गेली.

चोविसांतली एक त्याने शोधून काढली. प्रमुख पाहुणे, ठेकेदार भैयालाल, यांच्या बैठकीत घनश्याम काचेच्या चौकटीत टांगलेला होता. ज्या माणसाला या बैठकीच्या पायरीवर चढू दिले नसते, तो सोफ्याच्या डोक्यावर शोभा देत होता.

“मिळालेली भेट परत मागतात का कोणी?” भैयालाल हसत म्हणाले. “चाय घ्या. फोटो मस्त आहे, मॅडमना पसंत पडला.”

“त्याच्या मागे त्या माणसाचं लिहिणं आहे, साहेब.”

“मागे तर भिंत आहे, भाई.”

चहा न घेता धम्मपाल उठला.

उरलेल्या सतरांवर तो आणि पौर्णिमा महिनाभर राबले. त्याच्या चित्रांचा कागद पाण्यातच जन्मलेला, तासन्तास धुतलेला. पाण्याचे त्याला भय नाही. न्हाणीघरात टब मांडून त्यांनी पाट्या भिजत घातल्या. फोम दुसऱ्या दिवशी सुटला, गोंद तिसऱ्या दिवशी मऊ झाला. मग बोटाच्या पेराने, नख न लावता, तो पुसत जायचा. अंगठ्यांचे ठसे बहुतेक धुऊन गेले. पेनाची अक्षरे फिकी झाली, पण वाचता आली. रुख्माबाईचे नवे लुगडे परत आले. सगळ्यांत स्वच्छ निघाली ती पेन्सिल. पेन्सिलीने लिहिलेले दोन कागद तर जणू आज लिहिले आहेत असे वर आले.

“मैनाबाईचं पेन्सिलीनंच हाय ना?” पौर्णिमाने विचारले.

“हौ.”

पौर्णिमाने ते दोन कागद चिमट्यांना लावले.

मार्चमध्ये छापखान्याने तगादा लावला, तेव्हा धम्मपालने एक गोष्ट केली जिची त्याला आजही शरम वाटते. मैनाबाईचे चित्र त्याने नव्याने छापले आणि लामत्याला नेले. समीक्षा म्हणाली, “अंकल, मैं लिख देती हूँ, बिलकुल दादी जैसा.” त्याने तिला थांबवले नाही. तिने पेन्सिल मुठीत धरून, अक्षर मुद्दाम वाकडे काढत, आजीचे नाव लिहिले. अनोळखी माणसाला फरक कळला नसता. मैनाबाईने कागद डाव्या हाताने उन्हात धरला.

“हे माहं नाही.”

“असंच तर होतं, आजी.”

“माहं टेकडी चढत होतं. हे तं सडकीनं चाल्लं.” तिने कागद परत केला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते अधिक लागले. “तूच म्हणाला होता ना रे, ज्याचं त्यानंच लिवाचं? आता तुलेच घाई झाली काय?”

त्याने तो कागद तिच्यासमोर फाडला. छापखान्याला कळवले की पुस्तक थांबवा. ते अद्याप थांबले आहे. मंडळाने दरम्यान पुढच्या प्रदर्शनाची पत्रिका काढली, आणि तिच्या मुखपृष्ठावर मैनाबाईचा चेहरा छापला. खाली नाव नाही. यादी द्या म्हणणाऱ्यांना एक नावही छापता आले नाही. मैनाबाई आता फारशी उठत नाही. तिला पत्रिका दाखवू नये, असे समीक्षाने ठरवले आहे.

वाचकहो, तेवीस चित्रे बेपत्ता आहेत आणि चोविसावे भैयालाल यांच्या सोफ्यावर आहे. ती बालाघाट, वारासिवनी, मलाजखंड, गोंदिया इथल्या कुठल्या ना कुठल्या बैठकीत, कार्यालयात, नाहीतर पलंगाखाली आहेत. चित्र वहीच्या उघडलेल्या दोन पानांएवढे, काळेपांढरे, फोमच्या पांढऱ्या पाटीवर चिकटवलेले आहे. पाटीच्या उजव्या कोपऱ्यात मंडळाचा शिक्का आहे. मैनाबाईच्या चित्रात ती दारात बसून हसते आहे आणि तिच्या मांडीवर पितळी लोटा आहे.

असे चित्र तुमच्याकडे असेल, तर ते भिंतीवरून उतरवा. पाटी सोलू नका, पाणी लावू नका, चाकू तर मुळीच लावू नका. बसस्थानकामागे, धम्मपाल खोब्रागडे यांच्या दुकानात आहे तसे आणून द्या. चित्र ठेवायचेच असेल, तर नवे छापून मिळेल. पाठ परत करा.