प्लग देतील, सही देणार नाहीत

मित्रहो, आज सकाळी कोन गावातल्या टपरीवर चहात साखर अक्षम्यपणे कमी होती. जाहीर निषेध.

तिथेच आमच्या जुन्या स्कूटरवाल्यांच्या कट्ट्यावर सलीमभाईंची गाडी बंद पडली आणि सगळे धावले. एकाने तर आपण घरी कसं जायचं हे न बघता स्वतःच्या गाडीचा प्लग काढून दिला! मी थक्क.

भारावून म्हणालो, "एवढी एकी आहे, तर जुन्या गाड्यांच्या फेरनोंदणीचे जाचक नियम बदला, असा सगळे मिळून सरकारकडे अर्ज करू या."

कट्टा तत्काळ त्याच कमी साखरेच्या चहाकडे वळला.

सलीमभाई हसले. "शास्त्रीबुवा, सही केली की आधी आपल्याच गाड्या तपासायला बोलावतील. इथे सगळ्यांनी इंजिन बदललंय. कागदावरचा नंबर कुणाचा जुळतो, सांगा?"

माझाही जुळत नाही. वडिलांकडून आलेल्या माझ्या स्कूटरची नोंदणी लवकरच संपतेय, आणि नंबर न जुळल्याने ती भंगारात जाईल याची मला खरंच भीती वाटते.