बोरीची फांदी घेऊन इसांडलवानाला

वाघोलीहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या गाडीत माणसे आम्ही दोघेच होतो, पण जागा तिघांची धरली होती. मागच्या सीटवर एका कडेला मी, दुसऱ्या कडेला थेंबा आणि मध्ये बोरीची हातभर काटेरी फांदी. ड्रायव्हरने दोनदा विचारले, “काका, ते मागं डिकीत टाकू का?” मी दोनदा नको म्हणालो. तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. पुण्यातल्या म्हाताऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, हे त्याला अनुभवाने कळले असावे.

थेंबा म्हणजे सिफोचे वडील. सिफो हा दक्षिण आफ्रिकेतला झुलू विद्यार्थी. वाघोलीच्या आमच्या घरात वरच्या खोलीत तो दीड वर्ष भाड्याने राहिला आणि जवळच्याच कॉलेजात शिकला. मला ‘बाबा’ म्हणायचा. झुलू भाषेतही वडीलधाऱ्याला बाबाच म्हणतात, हे कळल्यावर मला उगीचच बरे वाटले होते. मी तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला, आणि त्याच्या देशाबद्दल माझ्या जुन्या पुस्तकात एकच ओळ होती: झुलूंचे इंग्रजांशी युद्ध झाले. सिफोने ती वाचली आणि हसून म्हणाला, “बाबा, एकदा आमच्या घरी या. ही ओळ कुठे घडली ते दाखवतो.”

आता जे सांगायला मला सर्वात जड जाते, ते आधीच सांगून टाकतो. निवृत्त झाल्यावर कसबा पेठ सोडून आम्ही वाघोलीला आलो, तेव्हा सामानाबरोबर मी आमची पाटीही आणली. ‘दुपारी एक ते चार बेल वाजवू नये. वाजवल्यास दार उघडले जाणार नाही.’ सिफो राहायला आल्यावर तिच्याखाली इंग्रजीतही तेच लिहून घेतले. एप्रिलमधल्या एका दुपारी अडीच वाजता बेल वाजली. एकदाच. सिफोची फाटकाची किल्ली सकाळपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर पडलेली मी पाहिली होती. माझी बायको सुमन म्हणाली, “अहो, बघा ना, सिफो असेल.” मी कूस बदलून म्हणालो, “पाटी वाचता येते त्याला.” वीस मिनिटांनी त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. तीनच्या सुमारास नगर रस्त्यावर ट्रकने त्याला उडवले.

या बेलबद्दल सुमनशी मी बोललो नाही, तीही माझ्याशी बोलली नाही.

थेंबा आले ते सहा महिन्यांनी. सिफोचे शरीर केव्हाच विमानाने गेले होते, पुरलेही होते. पण माणूस जिथे मरतो तिथे त्याचा आत्मा थांबून राहतो, घरच्याने तिथे जाऊन त्याला हाक द्यायची आणि उम्फाफाच्या (बोरीच्या जातीचे झाड) फांदीवर बसवून घरी न्यायचे, अशी त्यांची रीत आहे. त्यांनी घरून आणलेली फांदी इथे उतरताच विमानतळावर काढून घेतली होती. मी त्यांना आमच्या मागच्या शेताच्या बांधावरची बोर दाखवली. त्यांनी काटे निरखून पाहिले. प्रत्येक जोडीत एक सरळ, एक वाकडा.

“हीच,” ते म्हणाले. आम्ही इंग्रजीत बोलायचो. “वाकडा काटा आपण कुठून आलो ते सांगतो, सरळ काटा कुठे जायचं ते. सिफोच्या आईला स्वप्न पडतं. तो कुठल्याशा दाराबाहेर उभा आहे. आत येत नाही, बोलत नाही.”

“कुठलं दार?” मी विचारले.

“तिला ओळखू येत नाही.”

चोराच्या मनात चांदणे म्हणतात ते खोटे नाही. मला ते दार ओळखू येत होते आणि मी गप्प राहिलो.

अपघाताच्या जागेसमोर चहाची टपरी आहे. टपरीवाला आपणहून पुढे आला. “हितंच पडलं व्हतं पोरगं,” तो म्हणाला. “मी पानी पाजाय गेलो, पर त्याला गिळवंना.” मी थेंबांना ते इंग्रजीत सांगितले. त्यांनी टपरीवाल्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. मग धुळीत गुडघे टेकून फांदी जमिनीला लावली आणि झुलूत मुलाला हाक दिली. तेव्हापासून घरी पोचेपर्यंत त्यांनी त्या फांदीखेरीज कुणाशीही बोलायचे नव्हते. वाटेत त्यांच्या वतीने बोलायला त्यांची मुलगी नॉम्सा येणार होती, पण तिचा व्हिसा झाला नाही. मी येतो म्हणालो. सुमनने माझी बॅग भरली, त्यात भाजणीची पिशवी टाकली आणि म्हणाली, “जा तुम्ही. जायलाच पाहिजे.”

असा मी दोन दिवस एका झुलू बापाचे तोंड झालो. घाट आला, खाडी आली, की थेंबा फांदीशी वाकून पुटपुटत. कुठे पोचलो ते त्याला सांगावे लागते, नाहीतर तो वाटेत मागे राहतो. विमानात हवाईसुंदरी फांदी वरच्या कप्प्यात ठेवा म्हणून हटून बसली. मी म्हणालो, “वर ठेवायला तो काही सामान नाही, यांचा मुलगा आहे.” ती आधी माझ्याकडे आणि मग थेंबांकडे पाहत राहिली, आणि फांदी मांडीवर राहिली. एक काटा माझ्या तळहातात मोडला. तो काढायला सुई मागायची मला लाज वाटली.

डर्बनला उतरल्यावर खरी परीक्षा होती. परदेशी झाडाची काडीसुद्धा आत आणायला बंदी. तपासणीच्या टेबलावर थेंबांनी फांदी ठेवली आणि हात मात्र सोडला नाही. मी घडाघडा सगळे सांगितले. तिथल्या प्रौढ अधिकारी बाई झुलू होत्या. त्यांनी पाने काढली, कसलेसे औषध मारले, भिंगाखाली पाहिले, आणि मग त्या उघड्या काडीपुढे किंचित वाकून काहीतरी बोलल्या. हे कुठल्या कलमात बसवले ते मी विचारले नाही.

बाहेर नॉम्सा गाडी घेऊन उभी होती. ती रडली, पण वडिलांशी बोलली नाही, वडीलही बोलले नाहीत. मागची सीट फांदीसाठी मोकळी होती. डर्बनमध्ये आपली माणसे जिकडेतिकडे दिसतात, उसाच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांची ही पाचवी-सहावी पिढी. पुढे ऊस संपतो आणि गवताच्या टेकड्या सुरू होतात. तुगेला नदीच्या पुलावर नॉम्साने गाडी हळू केली, थेंबांनी फांदीला नदी सांगितली. “पूर्वी ही आमच्या राज्याची हद्द होती,” नॉम्सा मला म्हणाली. “अलीकडे इंग्रज, पलीकडे आमचा राजा.”

त्यांचे घर इसांडलवाना डोंगराच्या पायथ्याशी आहे. गोल झोपड्या, मध्ये गुरांचा गोठा, भोवती कुंपण. सिफोची आई फाटकात उभी होती. तिने फांदी उराशी घेतली आणि मोठ्या झोपडीत मागच्या बाजूला उम्सामोवर (पूर्वजांची जागा) नेऊन ठेवली. मी बाहेर थांबलो. थोड्या वेळाने थेंबा घरच्यांशी बोलल्याचा आवाज ऐकू आला, दोन दिवसांनी पहिल्यांदा, आणि मग आतल्या सगळ्या बायका एकदम रडू लागल्या.

जेवायला फुथू (मक्याचा मोकळा सांजा) आणि अमासी (घट्ट आंबट दही) होते. आपल्या कण्या-ताकाची आठवण झाली. सिफोच्या आईने मला दुसऱ्यांदा वाढले आणि नॉम्साकरवी सांगितले, “पोराला तुमच्या घरी थारा दिलात.” मी नुसताच फुथूत दही कालवत राहिलो.

दुसऱ्या दिवशी थेंबा मला रणभूमीवर घेऊन गेले. पोटापाण्यासाठी ते हेच करतात, पाहुण्यांना ही लढाई सांगतात. उघडे पठार, मध्ये एकटा उभा सुळका आणि गवतात जागोजाग पांढऱ्या रंगाने रंगवलेले दगडांचे ढीग. “ज्या ढिगाखाली इंग्रज आहेत तो पांढरा,” ते म्हणाले. “आमचे ओघळींत, धान्याच्या पेवांत, जिथे जागा मिळाली तिथे पुरले. त्यांच्यावर रंग नाही.” अलीकडे झुलूंसाठीही एक स्मारक झाले आहे, वीरांच्या गळ्यातल्या माळेसारखे.

मग त्यांनी हकीकत सांगितली. इंग्रजांनी झुलू राजाला निरोप धाडला: तीस दिवसांत तुमची सेना मोडा. सेना म्हणजे राज्यातला प्रत्येक तरुण. ती मोडणे म्हणजे राज्यच मोडणे. मुदत संपली आणि फौज नदी ओलांडून आली. १८७९ च्या जानेवारीत तिची छावणी या डोंगराखाली होती. झुलू शिंगे रोखलेल्या रेड्यासारखे चालून आले, मधली फळी म्हणजे छाती आणि दोन्ही बाजूंनी वेढणाऱ्या तुकड्या म्हणजे शिंगे. समोर बंदुका होत्या, यांच्याकडे बहुतेक भाले आणि कातड्याच्या ढाली. ऐन लढाईत दुपारी सूर्याला ग्रहण लागले.

“किती वाजता?” मी विचारले.

“अडीचच्या सुमारास.”

मी घड्याळाकडे पाहिले नाही. त्या संध्याकाळपर्यंत छावणीत जवळजवळ कुणी उरले नव्हते. मारलेल्या शत्रूचे पोट झुलू चिरत. इंग्रजांनी त्याला राक्षसीपणा म्हटले. “आत्मा आत कोंडून राहू नये म्हणून,” थेंबा म्हणाले. “शत्रूचासुद्धा.” पण हा विजय झुलूंना टिकवता आला नाही. इंग्रज जास्त फौज आणि तोफा घेऊन परत आले, जुलैत उलुंदीची राजधानी जाळली, राजाला पकडून जहाजातून नेले आणि राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांत वाटले. पुढे ते आपसांतच लढून मेले. भाऊबंदकी हा शब्द मी थेंबांना समजावून सांगितला. खडकीच्या लढाईनंतर काही महिन्यांत आमचेही राज्य गेले, हेही सांगितले. त्यांनी मान हलवली.

“माझ्या पणजीचा नवरा इथे पडला,” ते म्हणाले. “पणजी फांदी घेऊन आली, त्याला घेऊन परत गेली, तर घर इंग्रजांनी जाळलेलं. घरच नाही, मग नवऱ्याला आत घेणार कुठे? ती फांदी घेऊन डोंगरातल्या गुहेत राहिली, तिथेच गेली. तो आमच्या घराण्यात अजून बाहेर उभा आहे. सिफोला मी आणलं तेव्हा निदान घर होतं, दार होतं.”

यापुढे गप्प राहणे मला जमेना. पांढऱ्या ढिगापाशी उभे राहून मी सगळे सांगितले: पाटी, किल्ली, बेल, कूस बदलणे. तीस वर्षे मुलांपुढे उभा राहून बोललो, पण इतके वाईट कधी बोललो नव्हतो.

“किती वेळा वाजवली?” थेंबांनी विचारले.

“एकदा.”

“मग किती वेळ थांबला?”

“वीस मिनिटं.”

ते खाली बसले. “मी शिकवलं त्याला,” ते म्हणाले. “आमच्यात फाटकाशी उभं राहून एकदाच हाक देतात. आणि आतून बोलावणं येईपर्यंत थांबतात. पुन्हा हाक देणं म्हणजे घरच्या म्हाताऱ्यांचा अपमान.”

परतताना ते बोलले नाहीत. या वेळी त्यांना बोलायला कुठल्याच रीतीची आडकाठी नव्हती.

निघायच्या दिवशी ते फाटकापर्यंत आले. “त्याच्या आईला मी हे सांगितलेलं नाही, सांगणारही नाही,” ते म्हणाले. “काल पुन्हा तिला तेच दार दिसलं. मी रस्त्यावरून हाक दिली होती. तुमच्या दारातून हाक देणं तुमचं काम आहे. त्याने बेल वाजवली त्याच वेळी फांदी घेऊन उभे राहा. त्याला आत घ्या, पाणी द्या, मग घरी जा म्हणून सांगा. झालं म्हणून मला फोन करू नका. झालं की नाही ते मला हिच्या स्वप्नावरून कळेल.” त्यांनी माझा हात हातात घेतला नाही. मी अपेक्षाही केली नव्हती.

वाघोलीला पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवण करून मी बाहेर पडलो. सुमनला एवढेच सांगितले की अडीचला येतो आणि आल्यावर बोलणार नाही. बांधावरच्या बोरीची फांदी तोडली, टपरीपाशी गेलो, तिथून सिफोची शेवटची वाट उलटी चालत परत आलो. वाटेत शेजाऱ्यांनी हटकले, “काय हो, सरपण गोळा करताय का या वयात?” मी उत्तर दिले नाही. तेही पुण्याचेच, त्यांनी मनावर घेतले नसेल.

फाटकाशी पोचलो तर खांबावर पाटी नव्हती. चार स्क्रूंची भोके तेवढी होती. मी एकदाच बेल वाजवली आणि बोलावण्याची वाट पाहत उभा राहिलो. वीस मिनिटे थांबायची मी तयारी ठेवली होती. पण बेलचा आवाज विरायच्या आत दार उघडले. सुमनच्या हातात पाण्याचा तांब्या होता. सिफो गेला त्या दिवसापासून ती एकही दुपार झोपलेली नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले.

तिने माझ्याकडे पाहिले नाही. फांदीकडे पाहून ती म्हणाली, “ये रे, सिफो. आत ये.”