माझी नऊ वर्षं

मी अर्ज टेबलावर ठेवला, तसा दादासाहेबांनी त्यावर चहाचा कप ठेवला. माझ्या नावावर ओला गोल डाग उमटला.

"विलायतेत शिकवायला जाणार म्हणं बाई," ते म्हणाले. "बाप मेंढरामागं, अन् लेक गोऱ्यांमागं."

क्लार्क हसला. शेजारी बसलेली त्यांची सूनही हसली. मी उभीच. त्या केबिनमध्ये शिक्षकांना कुणी बसा म्हणत नाय.

दादासाहेब संस्थेचे अध्यक्ष. शहराच्या गारखेडा भागातल्या त्यांच्या इंग्रजी शाळेत मी नऊ वर्षं गणित शिकवत होते. आठवी ते दहावी. माझे आप्पा खरंच मेंढरं राखतात. त्याची मला कधी लाज नव्हती. त्या दिवशी वाटली. वाटली, याचाच राग अजून जात नाय.

इंग्लंडमधल्या एका शाळेनं व्हिडिओ कॉलवर माझी मुलाखत घेतली होती. त्यांना गणिताचे शिक्षक हवे होते. परदेशी माणूस नेमायचा परवाना त्या शाळेकडं होता. त्यांनी नेमणुकीचा कागद दिला, की त्यावर मला कामाचा व्हिसा मागता येणार होता. इंग्रजीची परीक्षा झाली, पोलिसांचा दाखला झाला. एकच कागद राहिला होता. अनुभवाचा दाखला.

"तो मिळणार नाय," दादासाहेब म्हणाले. "तुमचे वर्ग मग कोण घेणार? पण एक काम करा. सूनबाईंना बी तिकडं नोकरी लागतीय. तिथल्या दुसऱ्या एका शाळेनं मेल करून यांच्या कामाची चौकशी केलीय. झकास उत्तर लिहा. इंग्रजी तुमचंच बरंय."

त्यांनी सूनबाईंचा दाखला पुढं सरकवला. खाली दादासाहेबांची सही. वर लिहिलेलं, गणित, आठवी ते दहावी, नऊ वर्षं.

ती बाई शाळेत वर्षातून एकदा यायची. गॅदरिंगला, बक्षिसं वाटायला.

मी काय म्हणाले? "व्हय साहेब." नऊ वर्षं प्रत्येक गोष्टीला हेच म्हणत आले होते.

कॉम्प्युटरच्या खोलीत बसून लिहायला घेतलं. अपूर्णांकाला भिणाऱ्या पोरींना या शिक्षिकेनं भाकरीचे तुकडे करून शिकवलं. सुट्टीत दहावीचे जादा तास घेतले. आवाज बसला तेव्हा नुसतं फळ्यावर लिहून तास पुरा केला. लिहीत गेले. मग पहिल्यापासून वाचलं. नऊ वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी लिहिलं नव्हतं. आज मीच लिहिलं, अन् त्यावर दुसरीचं नाव घातलं.

सगळं पुसलं. नव्यानं लिहिलं: "या बाईंनी आमच्या शाळेत एकही तास घेतलेला नाही. हे वर्ग नऊ वर्षं मी शिकवले. वेळापत्रकं सोबत जोडली आहेत." खाली माझं नाव.

शाळेच्याच मेलवरून पाठवलं. एक प्रत शिक्षणाधिकाऱ्यांना. एक छापून केबिनमध्ये नेली.

दादासाहेबांनी कागद सूनबाईंकडं दिला. तिनं वाचला. चेहरा उतरला. "बाई, माझा व्हिसा गेला ना," ती म्हणाली.

"तुमचा नव्हताच तो."

खोटं कशाला बोलू, लई बरं वाटलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी बघून बरं वाटलं. अजून आठवलं की बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या फाटकावरच अडवलं. नोकरी गेली. इंग्लंडची शाळा थोडे दिवस थांबली. दाखला पोचला नाही, त्यांनी दुसरं माणूस घेतलं. आप्पांचा फोन आला. "मोठी माणसं हायेत ती, लेकी. जाऊ दे."

"नाय जाऊ देणार, आप्पा."

आता पुंडलिकनगरात खोलीवर शिकवण्या घेते. त्याच शाळेतल्या दोघी शिक्षिका आल्या होत्या. त्यांचेही दाखले अडवलेत. म्हटलं, आधी वेळापत्रकाचे अन् हजेरीपटाचे फोटो आणा. त्यांनी आणले. दोघींच्या तक्रारी मी लिहिल्या.

शिक्षणाधिकाऱ्यांनी चौकशी लावली. मग दादासाहेबांचा माणूस निरोप घेऊन आला. तक्रार मागं घ्या, उद्याच दाखला घ्या, खुशाल इंग्लंडला जा. त्याला दारातूनच परत पाठवला. खोट्या दाखल्यावरची सही कुणाची, हे दादासाहेबांना मी सगळ्यांसमोर बोलायला लावणार. इंग्लंडची संधी पुन्हा मिळेल, न मिळेल. शाळेच्या पाटीवरून त्यांचं नाव उतरल्याशिवाय मी हे शहर सोडणार नाय.